माळ्यावरचं मखर आणि ई ग्रेड

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
आजपासून रोजनिशी. डॉक्टरांच्या दवाखान्यातली नर्स म्हणाली, बीपीचे आकडे रोज लिहा. म्हटलं, त्याबरोबर चार विचारही लिहू. बीपी १३८/८८. उत्तम.

संध्याकाळी तनयाचा मेसेज. तनया म्हणजे आमच्या पोर्ट्सवूडच्या फ्लॅटमधली भाडेकरू. नागपूरची, इथे विलायतेत हॉस्पिटलात डॉक्टर. सप्टेंबरपासून एकटी राहते, नवरा जानेवारीत यायचाय, बाळ फेब्रुवारीत. लिहिते, काका, फ्लॅट फार थंड आहे हो, आणि ईपीसी असेल तर पाठवाल का? कलीग म्हणाली की घर भाड्याने देताना ते द्यावंच लागतं.

कलीगला काय करायचंय? ईपीसी म्हणजे घर किती ऊब धरतं आणि किती वीज खातं याचं सर्टिफिकेट. ए ते जी अशा ग्रेड. ई च्या खाली गेलं की भाड्याने देता येत नाही. दहा वर्षं चालतं. आमचं ऑगस्टमध्ये संपलं.

घाबरलो नाही. मेसेज फक्त सहा वेळा वाचला. ‘शोधून पाठवतो बेटा’ असं कळवलं.

बीपी परत घेतलं. १५१/९४. चहा जास्त झाला.

४ नोव्हेंबर
एकवीस वर्षं इन्शुरन्स कंपनीत रिस्क मॅनेजर आहे. घाबरणं हा लोकांचा प्रांत, आपण रिस्क मोजतो. लंच ब्रेकमध्ये कागद घेऊन बसलो. कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, कळण्याची शक्यता: कमी. दंड होण्याची: अगदी कमी. बायकोला, म्हणजे सीमाला, कळण्याची: इथे पेन थांबलं.

सीमाला मी जुलैतच सांगितलंय की नवीन सर्टिफिकेट काढलं. तेव्हा मी काढणारच होतो, त्यामुळे ते खोटं धरता येणार नाही.

कर नाही त्याला डर कशाला. कागद फाडून ऑफिसच्या दोन वेगवेगळ्या बिनमध्ये टाकला.

६ नोव्हेंबर
ईपीसीसाठी घर तपासणारा असेसर बुक केला. ग्रॅहम नावाचा गृहस्थ. पंधरा तारीख, शनिवार, अकरा वाजता. माझा अंदाज बी. सी तर कुठे गेला नाही.

तनयाचा फोन आला. मीटिंगमध्ये होतो. (बाथरूममध्ये होतो, पण मनात मीटिंगच चालू होती.)

८ नोव्हेंबर, शनिवार
जुनं सर्टिफिकेट सापडलं. ई, ४१. एकोणचाळिसाच्या खाली एफ. म्हणजे काठावर पास. वाचून पाय जरा गार पडले, पण आज हवाच तशी आहे.

त्यात लिहिलंय, छपराला इन्सुलेशन नाही. आमचा फ्लॅट सगळ्यात वरचा, डोक्यावर थेट माळा. आणि त्या माळ्यावर काय आहे? इथल्या मराठी मंडळाची गणपतीची मखरं. अकरा वर्षांची. डेकोरेशन कमिटीचा प्रमुख मी, त्यामुळे ठेवायची जागाही माझी. सगळं थर्मोकोल. बिल्डर लोक भिंतीत घालतात तेच. म्हणजे अकरा वर्षं इन्सुलेशन घरातच आहे, फक्त उभं करून ठेवलंय. आडवं करायचं बाकी.

स्वतःवर खूश झालो. बीपी १३६/८६.

९ नोव्हेंबर, रविवार
तनयाला कळवलं, फ्लॅटवर येतो, जरा काम आहे. तिला वाटलं हीटरसाठी. म्हणाली, बेडरूमचा हीटर बघाल ना काका, आठवडाभर बंद आहे. ती ड्यूटीवर होती.

चार तास माळ्यावर. राजवाड्याचे खांब, कैलास पर्वत, दोन मोर, एक चांद्रयान, सगळं कापून जोइस्टच्या, म्हणजे माळ्याच्या आडव्या तुळयांच्या, मधे बसवलं. सोनेरी बाजू वर ठेवली, उष्णता परावर्तित व्हावी म्हणून. गुडघे गेले. पण समाधान.

हीटर बघितला. थंड होता.

१२ नोव्हेंबर, बुधवार
तनयाचा मेसेज. रात्री स्वेटर घालून दोन पांघरुणं घेते, तरी पाय गरम होत नाहीत. नागपूरची माणसं. पंचेचाळीस डिग्रीत वाढलेल्या मुलीला थंडीची सवय कुठून असणार. ‘हळद-दूध घेत जा’ असं लिहिलं.

१३ नोव्हेंबर
एक महत्त्वाची गोष्ट सुचली. आमच्या शाळेत तपासणी असली की हुशार मुलं पुढच्या बाकावर, मारकुटे मास्तर रजेवर, फळ्याला नवा काळा रंग. साहेब कधी नाराज होऊन गेला नाही. तपासणी ही शेवटी तयारीची परीक्षा. असेसर येणार तो ऊब मोजायला. तर ऊब तयार हवी.

मंडळाच्या पुष्करकडून दोन फॅन हीटर आणले, एक ऑफिसातून, एक आमच्या गेस्टरूममधला. सीमाने विचारलं, गेस्टरूमचा हीटर कुठे चालला? म्हटलं, मंडळाला हवाय. तिने माझ्याकडे पाहिलं. मी इकडे-तिकडे पाहिलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी ३
 आजचं सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी सातला चारही हीटर लावले. तनया घरीच होती, सुट्टी. बिचारी कितीतरी दिवसांनी बिनस्वेटरची बसलेली दिसली. म्हणाली, काका, हे ठेवून जाल का? म्हटलं, बघू.

ग्रॅहम अकराला आला. दारातच कोट काढला, मग जाकीट काढलं, आणि मला विचारलं, इथे कुणी आजारी आहे का? थर्मामीटर त्याच्याकडे नव्हताच. तो तापमान मोजत नाही म्हणे. भिंती, खिडक्या, बसवलेले हीटर, पाण्याची टाकी हे बघतो, फोटो काढतो, कॉम्प्युटरमध्ये भरतो. माझे चार हीटर त्याने पायाने बाजूला सारले. बेडरूमचा बंद हीटर मात्र दोन बाजूंनी टिपला.

मग माळा. मी म्हणालो, छपराला इन्सुलेशन आहे. त्याने बिल मागितलं. मी म्हणालो, बिल नाही, डोळ्यांनी बघा. त्याने शिडी लावली. टॉर्च मारला.  मग विचारलं, हे मोर आहेत का?

इन्सुलेशन म्हणून धरता येणार नाही म्हणाला. तोवर ठीक होतं. मग त्याने एक तुकडा उचलला आणि त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, खालून जुन्या वायरी गेल्यात, थर्मोकोल त्यांना चिकटून वायरीचं प्लॅस्टिक खराब होतं, हे बघणं माझं काम नाही, पण आजच्या आज काढा. कैलास पर्वत एका बाजूने मऊ पडून वायरीला चिकटला होता.

तनया खाली शिडीपाशी उभी होती. तिने सगळं ऐकलं. हळूच विचारलं, काका, म्हणजे हा आठवडाभर मी याच्याखाली झोपत होते? मी म्हणालो, काही नसतं गं, शंभर टक्के सेफ.

तो गेल्यावर सगळं काढलं. वायर चाचपताना वाटलं, तनयाला काही झालं असतं तर? दोघांना. खाली उतरल्यावर दोन ग्लास पाणी प्यालो.

हात दाखवून अवलक्षण. बीपी घेतलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार
सर्टिफिकेट ईमेलने आलं. एफ. ३४.

पायाखालची वाळू सरकली, असं लोक म्हणतात. माझी सरकली नाही, कारण मी ऑफिसात बसलेलो होतो. ईमेल डिलीट केली. मग डिलीटमधूनही डिलीट केली. पेपर कॉपी निघालेलीच नाही. म्हणजे हे मला माहीत आणि ग्रॅहमला, आणि ग्रॅहम काही मंडळात येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. वसंतात नवे हीटर बसवू, पुन्हा असेसमेंट करू, तोवर आपण गप्प.

तनयाला कळवलं, प्रोसेसमध्ये आहे. हीटर दुरुस्तीचा माणूस पुढच्या आठवड्यात बघतो. त्याला आत्ता बोलावलं तर तोही काहीतरी लिहून ठेवायचा.

२२ नोव्हेंबर
तनयाचे तीन मिस्ड कॉल. फोन पालथा ठेवला. सीमा म्हणाली, उचल की. म्हटलं, स्पॅम आहे.

पोस्ट आली तेव्हा जिन्यावर थांबलो. कौन्सिलचं पाकीट होतं. उघडायला वीस मिनिटं लागली. हिरव्या बिनमधला कचरा उचलायची तारीख बदलली आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
तनयाचा मोठा मेसेज. मराठीत, व्यवस्थित परिच्छेद पाडून.

सर्टिफिकेट तिने बघितलं. सरकारी वेबसाइटवर पोस्टकोड टाकला की सगळ्यांना दिसतं. माझ्या ग्रेडसकट, पत्त्यासकट. दोन मिनिटं लागली म्हणे. कलीगच्या घरी एक खोली रिकामी आहे, तिथे शिफ्ट होते, कॉन्ट्रॅक्टमधून सोडाल का? शेवटी लिहिलं होतं: काका, मी कुठेही कम्प्लेंट केलेली नाही. तुम्ही घाबरू नका.

तिला मी घाबरलेला कधी दिसलो?

‘नक्की, काही प्रॉब्लेम नाही’ असं एका मिनिटात कळवलं. इतक्या पटकन तिला आजवर उत्तर दिलं नव्हतं.

मग आमच्या सगळ्या मंडळींचे पोस्टकोड टाकून बघितले. पुष्करचा सी आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार
तनयाने किल्ल्या सीमाकडे दिल्या, कारण माझा फोन लागत नव्हता. वेबसाइटचंही सीमाला तिच्याकडूनच कळलं. सीमाने किल्ल्या पर्समध्ये टाकल्या. म्हणाली, चल, फ्लॅट बघून येऊ.

दुपारी दोन वाजता गेलो. बाहेर स्वच्छ ऊन. आत तोंडातून वाफ निघत होती. चालू असलेला हीटर पूर्ण वाढवला आणि सोफ्यावर बसलो, कोट घालून. इतकी वर्षं फ्लॅट आपला आहे, पण हिवाळ्यात मी इथे सलग अर्धा तास बसलो नव्हतो.

बेडरूमच्या खिडकीच्या फटींना तिने पार्सलची ब्राउन टेप लावली होती, अगदी सरळ. दाराखाली गुंडाळलेला टॉवेल. बाळाच्या पाळण्यासाठी खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीला लागून जागा मोकळी केली होती. तिथे जमिनीवर पेन्सिलीने खुणा होत्या.

चाळीस मिनिटांनी सीमा म्हणाली, मला बसवत नाही, बोटं बधिर झाली. मग म्हणाली, ती पोटुशी पोर इथे तीन महिने कशी राहिली रे?

मी म्हणालो, तिने कधी तक्रार केली नाही.

सीमा उठली आणि टेप सोलायला लागली. मी मदत केली नाही. करायला हवी होती.

तक्रार तिने केली होती. दर आठवड्याला केली होती. मी फोन उचलत नव्हतो, कारण मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीत ती एकदाही नव्हती, फक्त मी होतो.