इंकाच्या पुस्तकातले माझे शब्द

११ जानेवारी, सकाळ
इंकाचा हेलसिंकीहून फोन. नात माझी! इंग्रजी कादंबरी फिनिशमध्ये आणायचं काम मिळालंय तिला. छापील पुस्तक! म्हणाली, "आजी, तुझ्याकडे जुने शब्द आहेत, मला लागतील." लागणारच. शाळा चारच वर्षं झाली माझी, पण तोंडाला कधी सुट्टी नव्हती. इंग्रजी येत नाही, त्याने काही अडत नाही. फिनिश येतं ना! शेवटी आभाराचं पान असतं, मदत करणाऱ्यांची नावं छापतात. म्हणजे माझं छापणार. निश्चय: रोज वीस शब्द, चिठ्ठ्यांवर लिहून बिस्किटांच्या डब्यात.

१९ जानेवारी
आज 'रन'. माणूस पळतो तो रन, नदी वाहते तोही रन, दुकान चालवणं रन, नाक गळणंसुद्धा रन. बिचारे इंग्रज! एकाच पातेल्यात कॉफी, बटाटे आणि पाय धुवायचं पाणी. आमच्याकडे कोकराचं पळणं वेगळं, नवऱ्याचं वेगळं. एकवीस शब्द एका दमात सांगितले. इंका म्हणाली, "अगं आजी, आधी वाक्य तर ऐक. कोण पळतंय ते कळू दे." म्हटलं, वाक्याचं तू बघ, शब्द माझ्याकडून घे. मग आमचा बैल चर्चमध्ये शिरला होता ती गोष्ट निघाली. पाऊण तास. इंका गप्प. भारावली असणार.
चिठ्ठ्या: तीन. पेन्सिल बोथट.

६ फेब्रुवारी
'लाइट'. उजेड, दिवा, हलकं, फिकं, सगळ्याला हा एकच. मी 'हलकं' दिलं. नंतर इंका म्हणते, वाक्यात दीपस्तंभ होता. आधी सांगायचं नाही का? मी बोलत होते म्हणे.
चिठ्ठ्या: शून्य. तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरत बसले. तीन मिळाले. एक मांजरानं नेला.

२ मार्च
दुकानात सांगितलं, पुस्तकात माझं नाव येतंय. पाद्रीबाईंना सांगितलं. समोरच्या हेल्वीला तर घरी जाऊन सांगितलं. तीस वर्षं दर शनिवारी आम्ही एकत्र सौनात, वाफेच्या खोलीत, बसतो, मी बोलते, ती ऐकते. म्हणाली, "हो का." एवढंच. अशी घुमी बाई, शब्दांतलं हिला काय कळणार!

१४ मार्च, संध्याकाळी पाच
इंकाचा फोन एंगेज. वेळ घालवायला हेल्वीला लावला. तोही एंगेज. तिला कोण फोन करणार? रिसीव्हर नीट ठेवला नसेल.

२१ मार्च, संध्याकाळी पाच
पुन्हा दोन्ही एंगेज. हेल्वीचा फोन दुरुस्तीला द्यायला हवा.

११ एप्रिल
इंका हल्ली शब्द विचारत नाही. उघड आहे, माझे दिलेले तिला पुरून उरलेत.

१७ मे
काम संपलं! इंका म्हणाली, "आभाराचं पान लिहिलं, आजी. तू आहेस हं त्यात." रडले. मग सही करायचा सराव केला. लोक पुस्तकं घेऊन येतील तेव्हा हात थरथरायला नको.

९ ऑक्टोबर
फिरत्या वाचनालयाच्या बसमधून पुस्तक आलं. थांब्यावर मी नऊ जणांना जमवलेलं. थर्मासात कॉफी, ब्लूबेरीचा केक. बसवाल्या रेइमाला म्हटलं, शेवटचं पान मोठ्यानं वाच. त्यानं वाचलं: "हेल्वीकाकूंना, प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत ऐकून मगच शब्द दिल्याबद्दल. आणि माझ्या आजीला, पार्सलनं पाठवलेल्या वेलचीच्या गोड बनपावांसाठी."
बन!
आमच्याकडची माणसं अशा वेळी बुटांकडे बघतात, तशी सगळी बघत राहिली. हेल्वी लालेलाल. म्हणाली, "साइमी, तुला वाईट वाटेल म्हणून इंका सांगू नको म्हणाली होती." सांगू नको म्हटल्यावर ही कशाला सांगते! तेवढंच तर जमतं हिला. सबंध हिवाळा माझ्यासमोर बसून माझीच कॉफी प्यायली, आणि पाच वाजता घरी जाऊन माझ्या नातीला शब्द!
इंकाला फोन केला. म्हणाली, "आजी, तुझ्यापुढे मला वाक्य वाचायला जागाच मिळेना गं." फोन आपटला. परत लावला, माझं बोलून झालं नव्हतं.

१० ऑक्टोबर
निश्चय: हेल्वीशी जन्मात बोलायचं नाही. ती तर असंही बोलत नाही, म्हणजे तिला कळायला वेळ लागेल.
सौनात एकटीच बसले. पाठ घासायची राहिली.

२३ ऑक्टोबर
बस आली. रेइमा कॉफी पीत होता, तेवढ्यात मी पुस्तक काढलं आणि बनांच्या पुढे पेन्सिलीनं लिहिलं: "आणि शब्दांसाठी." खोटं काय त्यात? रेइमानं पाहिलंच. म्हणाला, "साइमीआजी, पुस्तक सगळ्यांचं आहे. खोडा ते." म्हटलं, माझ्याकडे खोडरबर नाही. मागे हेल्वी उभी होती. तिनं पर्समधून खोडरबर काढून दिलं.
मी जोर देऊन लिहिलं होतं, जोर देऊनच खोडलं. कागद विरला, भोक पडलं. आता तिथे बनही नाहीत.
हेल्वीची ओळ वर आहे, शाबूत.