दादासाठी ठेवलेली खुर्ची

ता. १२ नोव्हेंबर, बुधवार

ती. दादास,

तुला, आईला आणि वहिनीला नमस्कार. मी बरा आहे. यापुढे काय लिहायचं ते शाळेत शिकवलं होतं, पण त्या दिवशी मी बहुतेक कुंपणावरून पळालो होतो. म्हणून बोलतो तसंच लिहितो. फोनवर तू लगेच "जाऊ दे रे" म्हणतोस आणि मला तेवढंच हवं असतं. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही.

आईला सांग, स्वेटर छान बसतो, बाह्या जरा लांब आहेत. कारखान्यात मुकादमाने मिशा काढल्या, तेव्हापासून त्याला कुणी घाबरत नाही. आपल्या करवतीवर आता पिवळा पत्रा बसवलाय. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

वहिनीने विचारलं होतं, अजून पितोस का. मी नाही म्हणालो, ते खोटं होतं. पण आज एकविसावा दिवस आहे, हे खरं आहे.

झालं असं, बोटात लाकडाची कपची घुसली म्हणून दवाखान्यात गेलो. तिथे भिंतीवर कागद होता. दारू सुटत नसेल तर बुधवारी सहाला या, वाचनालयाच्या वर. खाली फोन नंबरच्या पट्ट्या कापलेल्या. कुणी बघत नाही असं पाहून एक फाडली. ती खिशात राहिली आणि शर्टाबरोबर धुतली गेली. पुन्हा जाऊन दुसरी फाडली.

पहिल्या बुधवारी चुकीच्या खोलीत शिरलो. सगळे खाली माना घालून गप्प बसलेले. मला वाटलं, बरोबर आहे, लाजच वाटत असणार. मीही मान घातली. अर्ध्या तासाने एका बाईने माझ्या हातात सुई-दोरा दिला. तो शिवणाचा वर्ग होता. उठायला लाज वाटली म्हणून एक काज करून आलो. हस, पण आता शर्टाची बटणं मीच लावतो.

दुसऱ्या बुधवारी शेजारच्या खोलीत गेलो. आठ-दहा माणसं, गोलात मांडलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाची किटली. चहा करणारे काका पूर्वी बस चालवायचे. नाव कुणी विचारत नाही. माझी पाळी आली आणि दादा, माझ्या तोंडून निघालं, "मी माझ्यासाठी नाही आलो. माझा मोठा भाऊ पितो."

मग थांबताच येईना. माझं सगळं तुझ्या अंगावर घातलं. पगाराच्या दिवशी गायब होणं, वहिनीशी भांडणं, आईचा फोन न उचलणं, सगळं. लोक हळहळले. भावासाठी इतका धडपडतो म्हणाले. पुढच्या वेळी काकांनी माझ्याजवळ एक रिकामी खुर्ची ठेवली. म्हणाले, भावाला सांग, येईल तेव्हा येऊ दे, जागा आहे. तिथल्या नर्सबाई दर वेळी तुझ्यासाठी कागदात बिस्किटं बांधून द्यायच्या. ती मी रस्त्यातच खायचो.

असे पाच बुधवार गेले. बाकीचे बोलायचे ते ऐकून माझी दारू सुटली, पण खोटं सुटेना.

आज नर्सबाईंनी विचारलं, भावाचं दारूपायी काय नुकसान झालं. मी पटकन म्हणालो, त्याची दोन बोटं गेली. काकांनी विचारलं, "पिऊन मशीनवर होता का?"

एवढं सगळं तुझ्या नावावर खपवलं, पण त्या प्रश्नाला काही केल्या हो म्हणवेना. उठलो आणि तुझ्या त्या खुर्चीत जाऊन बसलो. म्हणालो, "तो कधीच प्यायला नाही. पिऊन मी होतो."

कुणी रागावलं नाही. काका म्हणाले, "आलास? वाटच बघत होतो."

आता त्यांना सांगितलं ते तुला सांगतो. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी गोदामामागे प्यायलो. उशिरा आलो, म्हणून कामाला लागल्यासारखं दाखवायला घाईघाईने करवतीचं बटण दाबलं. पलीकडे वाकून तू अडकलेला तुकडा काढत होतास, पण तू मला दिसलाच नाहीस. मशीन बंद होती, दादा. तू बंद केली होतीस. मी चालू केली.

मुकादमाला मी सांगितलं, मशीन आधीपासून चालू होती. तसा कागदही सही करून दिला. त्याच कागदावरून तुला निष्काळजी ठरवून घरी पाठवलं. आणि दवाखान्यात पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन तू मला म्हणालास, "मी बंद केली असं वाटत होतं रे." मी म्हणालो, होतं असं धांदलीत.

बोटांचं तर आहेच. पण वहिनी परवा सांगत होती, तू हल्ली दिवा बंद केला की नाही ते दोनदा उठून बघतोस. गॅसही बघतोस. दार ओढून बघतोस. ते ऐकल्यापासून मला जेवण जात नाही.

उद्या मुकादमाकडे जाऊन तो कागद खोटा आहे असं लिहून देणार आहे. काम राहील असं वाटत नाही. तू "जाऊ दे" लिहू नकोस. शिव्या दे, नाहीतर काहीच लिहू नकोस. बोलणार नसशील तर तेही समजेन.

फक्त आजपासून दिव्यासाठी उठू नकोस. तू बंद केलेलं बंदच असतं.

बटण दाबणारा,
तुझा धाकटा