धारदार कड पुढे

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.१०
लेकीचं पार्सल आलं. पहिल्या पगारातून माझ्यासाठी रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर घेतलंय. सोबत चिठ्ठी: ‘बाबा, कागद कापून झाले असतील तर जरा वर बघा.’ डोळ्यांत पाणी आलं. बायकोला दिसू नये म्हणून तिला थर्माकोलची अ‍ॅलर्जी आहे असं सांगितलं.

ठराव: आज जोडणे. उद्या उडवणे. महिन्याभरात आख्ख्या बिल्डिंगने तोंडात बोटं घालणे.

त्याच दिवशी, ११.४०
जोडून झालं. शेवटी राहिली होती वरची दोन मोठी पाती. प्रत्येक पात्याची एक कड जाड आणि गोलसर, दुसरी पातळ, जवळजवळ धारदार. प्रश्न साधा: फिरताना पुढे कुठली असावी? दुसऱ्या कोणी मॅन्युअल उघडलं असतं. पण मी छापखान्यात सत्तावीस वर्षं कटिंग मशीनवर उभा आहे. रोज कागदाच्या थप्प्याच्या थप्प्या कापतो. सुरी बोथट बाजूने कागदात घातल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. हवा कापायची तर धार पुढे. दोन मिनिटांत स्क्रू टाइट.

मॅन्युअल बघितलंच नाही असं नाही. बघितलं. वरचं मार्जिन अकरा मिलिमीटर, खालचं सात. ज्यांना पान सरळ कापता येत नाही ते मला पाती काय शिकवणार? फ्रीजवर ठेवून दिलं.

३ फेब्रुवारी. संध्याकाळी ५.३०
गच्ची. पहिलं उड्डाण. पाती जोरात फिरली, आवाज दणदणीत. हेलिकॉप्टर अंगात आल्यासारखं थरथरलं आणि घसरत घसरत पाण्याच्या टाकीपर्यंत गेलं. उडालं नाही.

कारण उघड आहे. नवीन मशीनला रुळायला वेळ लागतो.

९ फेब्रुवारी, रविवार
लेकीचा फोन. उडालं का, म्हणाली. म्हटलं, उडालं. किती उंच? दोनेक फूट.

खरं म्हणजे आज गच्चीच्या भेगेत अडकून ते इंचभर उडालं होतं. म्हणजे उडालं हे खरंच आहे. बाकीचे फूट पुढच्या आठवड्यात होतीलच. जरा आगाऊ सांगितलं, इतकंच.

१२ फेब्रुवारी
चहा उकळेपर्यंत हिने मॅन्युअल वाचून काढलं. ही औषधाच्या दुकानात काम करते. बाटलीसोबत घडी घालून येणारा कागद जगात वाचणारी ही एकमेव बाई असावी. म्हणाली, पान चौदावर चित्र आहे. वरून बघितलं तर पाती घड्याळाच्या काट्यांसारखी फिरतात आणि जाड कड पुढे असते. तुमची उलटी बसलीत.

मी शांतपणे समजावलं की छापखान्यात कधी कधी चित्र उलटं छापलं जातं, त्याला फार अर्थ नसतो. तिने चित्रातले आकडे दाखवले आणि विचारलं, मग हे आकडे सरळ कसे आले?

चहा उतू जातोय असं सांगितलं. जात नव्हता.

१५ फेब्रुवारी
आता दुसरं मत घ्यावं म्हणून पाती काढून छापखान्यात नेली. आमच्या बाइंडरला दाखवली. बाविसाव्या वर्षापासून पुस्तकं बांधतोय, माणूस अनुभवी. त्याने पात्यावरून अंगठा फिरवला, डोळ्यांसमोर धरलं, आणि धार पुढेच असणार म्हणाला. हे ऐकून सुरीला धार लावणारा आला होता तोही म्हणाला, त्यात विचारायचं काय.

तीन माणसं, तिघांची मिळून साठ-सत्तर वर्षं धारेशी संबंध. विरुद्ध बाजूला एक चित्र.

पाती होती तशी परत बसवली.

१६ फेब्रुवारी, रविवार
फोन. उंची दहा फूट सांगितली. एवढी सांगायची नव्हती, पण तिचा आवाज फार खुशीत होता. मग तिने विचारलं, वर गेल्यावर शेपटी गरकन फिरते म्हणे, ती कशी सांभाळता? म्हटलं, प्रेमाने.

२२ फेब्रुवारी
हेलिकॉप्टरवाल्या दुकानात गेलो. दुकानदार दाढीवाला, तरुण, फार शहाणा. हेलिकॉप्टर बरोबर नेलं नव्हतं, लोक बसमध्ये बघत बसतात. तक्रार तोंडी सांगितली: थरथरतं, ओरडतं, उचलत नाही. त्याने पहिलाच प्रश्न केला, जाड कड पुढे आहे ना?

काय मनात आलं कोण जाणे. म्हटलं, मला काय नवशिका समजलात? तो सॉरी म्हणाला. मग कदाचित मोटर उलटी फिरत असेल, म्हणाला, तिच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोनांची अदलाबदल करा.

बघा. दोष मोटरचा. मला वाटतच होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८.००
वायरी बदलल्या. मोटर जीव खाऊन ओरडली. पाती हलली सुद्धा नाहीत. लग्नाला आलेल्या पण कोणाच्याच ओळखीच्या नसलेल्या पाहुण्यांसारखी उभी. वरच्या मजल्यावरच्या आजी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, हा मिक्सर आहे का?

दाढीवाल्याला फोन केला. आत एक बेअरिंग असतं, ते एकाच दिशेला पकडतं, म्हणजे मोटर आधी बरोबरच फिरत होती, म्हणाला. मग तो पुन्हा कडेबद्दल विचारू लागला. रेंज गेली असं सांगून फोन ठेवला.

वायरी पूर्ववत. एक नख गेलं.

२ मार्च, रविवार
फोन. आज आकाशात इंग्रजी आठचा आकडा काढला असं सांगितलं. पाठोपाठ उलट्या ठेवलेल्या बादलीवर लँडिंग केल्याचंही. बादली कुठून आली मला माहीत नाही. मी फक्त तोंड उघडलं होतं.

लेक म्हणाली, भारी, बाबा.

दुपारभर हवेत होतो. संध्याकाळी कसंतरीच वाटलं. ही पोर लहानपणी माझ्याशी खोटं बोलली की आधी कानाची पाळी चोळायची. आज आरशात बघितलं तर माझी पाळी लाल.

ठराव: रविवारच्या आत खरोखर उडवणे. म्हणजे सगळं मागाहून खरं होईल.

८ मार्च
वजन कमी करण्याची मोहीम. स्टिकर काढले. पुढची प्लॅस्टिकची टोपी काढली. खालच्या पायांचे रबर काढले. आता ते उघड्याबंब अवस्थेत थरथरतं. हिने विचारलं, हवा येऊ द्यायला काढलंत का सगळं? हिच्या बोलण्याकडे कानाडोळा करायचं ठरवलं आहे.

९ मार्च, रविवार
अनर्थ. लेक येतेय. शनिवारी बावीसला येणार, रविवारी संध्याकाळी परत. सात महिन्यांनी येतेय ती. म्हणाली, बाकी काही नको, कुठे जायचं नाही, कोणाला बोलवायचं नाही, फक्त ते बादलीवरचं लँडिंग बघायचंय.

ये ये, म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

१५ मार्च. सकाळी ६.५०
आज खरं लिहितो, इथे कोण वाचतंय.

स्क्रूड्रायव्हर हातात घेतला होता. पाती उलटवून बघायला तीन मिनिटं लागतील. पाचशे कागदांत एक तिरका गेला तर मला आवाजावरून कळतं, आणि पाती चुकली असतील हे मला कळत नाही असं कसं होईल? कळतंय. बहुतेक पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पण आता उलटवली आणि ते उडालं, तर पाच आठवडे मी लेकीशी काय बोलत होतो?

तेवढ्यात ही स्वयंपाकघरात आली. स्क्रूड्रायव्हर डब्यात टाकला आणि साखर शोधत होतो असं सांगितलं.

१६ मार्च, रविवार
फोन घेतला नाही. आंघोळीला गेलोय असं सांगायला लावलं. आंघोळ झालेली होती. पुन्हा केली.

२१ मार्च. संध्याकाळी
अखेर योजना पक्की. योजना अशी: रविवारी सकाळी सगळ्यांसमोर फुल थ्रॉटल द्यायचा. ते नेहमीप्रमाणे थरथरेल, टाकीकडे सरकेल. मग मी भुवई उंचावून म्हणायचं, अरेच्चा, आजच काय झालं याला? नक्की बेअरिंग. चार दिवसांपूर्वी तर बादलीवर उतरलं होतं. तिघांनी मिळून हळहळायचं. चहा.

अपयशसुद्धा नीट बेतून करावं लागतं. ‘अरेच्चा’ आरशासमोर नऊ वेळा म्हटलं. सातवा सर्वांत चांगला.

२२ मार्च, शनिवार
आली. बारीक झाली आहे. केस कापलेत, सरळ कापलेत, मागून बघून घेतले. हेलिकॉप्टर हातात घेऊन तिने बराच वेळ न्याहाळलं आणि टेबलावर ठेवलं. मी दुसऱ्याच विषयावर बोलत होतो. बहुधा पाणीपुरवठ्यावर.

२३ मार्च, रविवार. सकाळी ११.००
घडलं ते क्रमाने लिहितो.

साडेआठ. गच्ची. मी, ही, लेक. लेकीनेच बादली उलटी करून मधोमध ठेवली. मी हेलिकॉप्टर ठेवलं, दहा पावलं मागे आलो, चेहरा गंभीर केला आणि योजनेप्रमाणे थ्रॉटल एकदम शेवटपर्यंत लोटला.

ते थरथरलं नाही. ते गेलं.

सरळ वर. टाकीच्या वर, केबलच्या वर, समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीच्या वर. आवाजसुद्धा वेगळाच, गुळगुळीत, चांगल्या धारेची सुरी थप्पीतून उतरते तसा. माझ्या तोंडून निघालं, अरेच्चा. हा मनापासूनचा होता. लेक टाळ्या वाजवत होती. मी मान वर करून बघत राहिलो. आयुष्यात इतका आनंद मला क्वचित झालाय. दोन महिन्यांत पहिल्यांदाच मी तिच्याशी खोटं बोललो नव्हतो.

हे अकरा सेकंद चाललं. मग लक्षात आलं की खाली कसं आणायचं हे मला माहीत नाही. दोन महिने मी फक्त न उडण्याची प्रॅक्टिस केली होती. रिमोटची एक काडी ओढली, ते आडवं झालं. दुसरी ओढली, ते गरागरा फिरू लागलं. घाबरून दोन्ही सोडल्या. मागच्या गोदामाच्या पत्र्यावर जोरात आवाज झाला, मग बराच वेळ घरंगळण्याचा, मग काहीच नाही.

मग हिनेच सांगितलं, सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी पाती उलटवली.

मी म्हटलं, मला सांगायचं तरी.

“अहो, दर रविवारी लँडिंगचं एवढं रंगवून सांगत होता,” ही म्हणाली, “मला वाटलं, ते तरी येत असेल.”

आता लेकीला तोंड दाखवायचं नव्हतं म्हणून मी बादली सरळ करायला गेलो. कबूल केलं, बादलीकडे बघून. आठचा आकडा खोटा. दहा फूट खोटे. दोन फूटसुद्धा खोटे.

ती म्हणाली तिला माहीत होतं. दर रविवारी माझ्यानंतर फोन घेऊन आई सगळं खरं सांगायची, टाकीपर्यंत घसरण्यासकट. म्हणजे मी मूर्ख ठरलो ते एकदा नाही, आठवड्याच्या हिशोबाने. राग आला. विचारलं, मग मला दर वेळी किती उंच, किती उंच म्हणून कशाला विचारत होतीस? बापाची मजा बघायला?

“आधी तुम्ही ‘जेवलीस का, बरं, आईला देतो’ एवढंच बोलायचात, बाबा,” ती म्हणाली. “हेलिकॉप्टर आल्यापासून वीस-वीस मिनिटं बोलायला लागलात. ते खरं बोलून संपलं असतं तर?”

मी बादली उचलून खाली आलो. बादली न्हाणीघरात ठेवली आणि तिथेच थोडा वेळ उभा राहिलो. या वेळी अ‍ॅलर्जीचं कारण कोणाला सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.१५
गेली. जाताना मॅन्युअल बॅगेत टाकून नेलं. म्हणाली, तुम्हाला नाहीतरी लागत नाही.

२४ मार्च
छापखान्यात बाइंडरला सांगितलं की जाड कड पुढे. तो म्हणाला, मी तेव्हाच म्हटलं होतं. वाद घातला नाही.

३० मार्च, रविवार. सकाळी १०.२०
गोदामवाल्याने शिडी दिली. हेलिकॉप्टर उतरवलं. एक पातं मोडलंय, शेपटी दुमडलीय.

फोन आला. मी आधीच सांगून टाकलं: मोडलंय, उडत नाही, दुरुस्त होईलसं वाटत नाही. ती बरं म्हणाली. संपलं. चाळीस सेकंद. तोंडाशी आलं होतं की जेवलीस का. सकाळचे दहा वाजले होते.

हिच्याकडे फोन देण्यासाठी हात पुढे केला, हिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

मग म्हटलं, बाळा, तू ऑफिसात नक्की करतेस काय? हे विचारायचं राहूनच गेलं होतं. ती सांगायला लागली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी हं, हं, वा, असं करत होतो. मधेच थांबून तिने विचारलं, बाबा, कळतंय का?

नाही, म्हटलं.

तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.