पिठाच्या पिशवीखाली

फराई दादा,

मानापूल्सच्या जंगलात न्यायच्या सामानाची तुझी यादी मिळाली. तंबू, पाण्याचे कॅन, दोन जादा टायर. सगळ्यात वर लाल शाईत लिहिलंयस, "संत्रं एकही नको. हत्तीला लांबून वास येतो. सेकाईसारखा वेंधळेपणा नको!"

वहिनीचं नाव तू अजून असंच घेतोस. तीन वर्षांपूर्वी तिथे हत्तीने तुमच्या गाडीचं मागचं दार उचकटलं, तुझा हात चिरडला. तेव्हा तू तिच्यावर ओरडलास, "नियम माहीत होता ना? मग संत्री आली कुठून?" ती म्हणत राहिली, "मी नाही आणली." पण तू कधी कुणाचं ऐकलंयस? ती माहेरी गेली ती गेलीच.

दादा, मक्याच्या पिठाखाली ती चार संत्री मी लपवली होती. तुला आवडतात म्हणून. "दादाचे नियम गेले उडत," असं म्हणून हसलेसुद्धा होते.

परवा तू निघशील. खाण्याची पेटी नेहमीसारखी मीच भरलीय. तीनदा उपसून पाहिली, संत्रं नाही.

पिठाखाली हे पत्र ठेवलं होतं. आत्ता तेही काढून घेतलं, ही ओळ लिहून तुझ्या हातातच देतेय.

तुझी,
चेनाई