कुडव्याच्या डीपीविरुद्ध तक्रार

११ जून २०१२
आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो ट्रान्सफॉर्मर आहे, ज्यास अखिल कुडवा डीपी म्हणतो, त्याने एका सज्जन नागरिकाचा छळ मांडला आहे. बारीक, अखंड, रातकिड्यासारखा ईईई. काल सीझन संपून राइस मिल बंद झाली. आज निवांत पेपर उघडला आणि हा सुरू. बावीस वर्षे मिलच्या घरघरीत बसून पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या, संस्कृत घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला सुट्टीत एवढीही शांतता नसावी? निश्चय: तक्रार. लेखी.

१३ जून
पत्नी ओमेश्वरीला दारात उभे करून म्हटले, ऐक. ऐकले. म्हणाली, काही येऊन नाही राहिला आवाज, तुमचे कान दाखवा. कुकरच्या शिट्ट्यांनी हिचे कान गेलेले दिसतात. तिला तसे सांगितले नाही.

१६ जून
दुपारी लाइन गेली. आवाज चालूच. शेजारच्या केशोरावकडे इन्व्हर्टर आहे, त्याचा असणार. अर्ज तीन पानी झाला. 'कर्णपीडा' हा शब्द उत्तम बसला. धाकटा भाऊ तिलक वाचून म्हणाला, भाऊ, लाइनमनले समजन असं लिवा ना जी. तिलक आमच्याच मिलमध्ये शेलरवर असतो, म्हणजे धानाचे साल काढणाऱ्या मशीनवर. बाबा गेल्यावर मीच त्याला तिथे लावला, त्याला सोळा वर्षे झाली. मनाने सोने. भाषा सुधारली नाही.

२१ जून
एका अर्जात लाइनमन हजर! लेखणीचे सामर्थ्य. जागेश्वर नाव. म्हणाला, डीपी बंद करतो, आवाज थांबला का सांगा. अख्ख्या गल्लीचे पंखे बंद. माणसे बनियनवर रस्त्यात. केशोराव म्हणे, क्यों पंडितजी, हमारा कूलर आपका क्या बिगाड रहा था? जागेश्वर खांबाजवळून ओरडला, आता येऊन राहिला का? सगळे माझ्या तोंडाकडे पाहत.
आवाज होता. उलट जास्त स्पष्ट.
मी म्हणालो, थांबला.
तिलक तेवढा एकटा अजूनही माझ्याकडे पाहत होता. कौतुकाने असावे.

२ जुलै
विचारांती निष्कर्ष: हा अनाहत नाद. कशावर काही न आपटता उठणारा. योग्यांना जन्मभराच्या साधनेने लाभतो. मला मिलच्या सुट्टीत लाभला. उद्यापासून पद्मासन.

३ जुलै
पद्मासन. गुडघा.

४ जुलै
विश्रांती.

१९ जुलै
झोप नाही. खोली जितकी शांत, तितका नाद मोठा. मोक्ष इतका चिडखोर असतो? आज ओमेश्वरीवर खेकसलो, मागून येऊन दचकवतेस काय! ती म्हणाली, काऊन ओरडून राहिले, चारदा हाक मारली. तिने परस्पर गोंदियाच्या कानाच्या डॉक्टरकडे नंबर लावला.

२४ जुलै
काचेच्या खोलीत बसवले. आवाज आला की बटण दाबा. बाहेरच्या बाईंचा हात हलला की मी दाबत गेलो. मधल्या वेळीही दाबले, कमी पडायला नको. पैकीच्या पैकी मिळणार होते. डॉक्टर म्हणाले, मशीन थांबवून ठेवले होते, तेव्हाही तुम्ही अकरा वेळा बटण दाबलेत. पाठमोरा बसवून परीक्षा पुन्हा.
निकाल: मिलच्या आवाजाने दोन्ही कानांची बारीक आवाजांची बाजू गेली. गेले ते येत नाही. कानाला जे ऐकू येत नाही, ते मेंदू स्वतःच वाजवतो. थांबवणारे औषध नाही. सामसुमीत बसू नका, पंखा किंवा बारीक रेडिओ चालू ठेवा. लागल्यास कानाचे मशीन. मन हळूहळू दखल घेणे सोडते. आणि मिलमध्ये कानावर मफ, म्हणजे आवाज अडवणाऱ्या वाट्या, लावल्याशिवाय पाऊल नाही.
मफ! तीन वर्षांपूर्वी मालकांनी डझनभर आणले होते. शेलर भरलेले चालते की रिकामे, हे आवाजावरून कळते; कान झाकून कोणी मिल चालवतो का, असे मीच सर्वांदेखत म्हणालो. तिलकने लावला होता, तो मी हाताने काढला. सगळे हसले. डझन माझ्या कपाटात आहे.
तिलकला सांगितले, कानात मळ होता.

२८ ऑगस्ट
रेडिओ बारीक लावतो. काल पेपर वाचताना तासभर विसरलोसुद्धा. विजय दृष्टिपथात.

७ ऑक्टोबर
पुढच्या महिन्यात मिल सुरू. मफ पुसून ठेवले. संध्याकाळी तिलक आला. धान कसे आहे, पट्टे बदलायचे का, असे बोलत बसला. मग जमिनीकडे पाहून म्हणाला, भाऊ, जागेश्वरनं डीपी बंद केली तवा तुमचा आवाज थांबला ना?
मी म्हणालो, हो.
म्हणाला, माजा नाई थांबला. मी बी तेतच उभा होतो. मंजे माज्या डोक्यातच काही बिघडलं असन. चार महिने कोनाले सांगतलं नाई.
चहा न घेता गेला.
माझ्या आवाजाची मला आता फार चिंता नाही. पंखा लावतो, झोपतो. तिलक चौतीस वर्षांचा आहे. शेलरवर त्याला मी उभा केला. कानावरचा मफ मी काढला. आणि आज त्याने विचारले तेव्हाही मी हो म्हणालो.
उद्या त्याच्याकडे जाऊन खरे सांगतो, असे वर लिहिले होते. खोडले. या वहीत लिहिलेले माझ्याकडून होत नाही, आणि हे झाले पाहिजे.