‘छोडो’चा अर्थ

२ ऑगस्ट, तळेगाव (जि. वर्धा)
नऊ तारखेला शाळेत ‘भारत छोडो’ घोषणेवर माझं भाषण. हेडमास्तर खुद्द माझ्या किराणा दुकानात येऊन सांगून गेले. दुसरं कोणी मिळालं नाही म्हणाले. गंमत केली असेल. उगम आणि अर्थ, दोन्ही मांडणार. उद्यापासून रोज एक तास अभ्यास. पक्कं.

३ ऑगस्ट
अभ्यास नाही. गिऱ्हाईक फार.
मयुरीला नाशिकच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली. एकुलती एक पोरगी, एवढ्या दूर? नाही म्हटलं. "काऊन नाई, बाबा?" कारण सांगायची मला सवय नाही. विषय संपला.

५ ऑगस्ट
अभ्यास जोरात. १९४२ च्या जुलैत काँग्रेसचा ठराव वर्ध्याला झाला. म्हणजे घोषणा आपल्याच जिल्ह्याची! मयुरीने मोबाइल पाहून सांगितलं, शब्द युसुफ मेहेरअलींनी सुचवले म्हणतात, मुंबईत. असतील. शब्द काय, कोणीही देतं.
परवापासून ती एवढंच बोलली. नीट जेवत नाही. हवा खराब आहे.

७ ऑगस्ट
अर्थ लिहून झाला. ‘आमच्याशिवाय यांचं कसं होईल, असं ज्यांना वाटतं, त्यांना जा म्हणणं.’ फर्स्टक्लास वाक्य. बायकोला वाचून दाखवलं. सुलोचना बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. भिडलं असावं. मग म्हणाली, "पोरीले दहा तारखेपर्यंत जॉइन व्हा लागते." म्हटलं, भाषण होईपर्यंत डिस्टर्ब नको.

९ ऑगस्ट, दुपार
पाचच मिनिटं मिळाली. उगमातच संपली. अर्थ राहिला.
घरी मयुरी नाही. सुलोचना म्हणाली, "गेली. मीच जा म्हटलं." ओरडलो, मला विचारलं का? "इचारलं होतं. तुमी भाषन लिहून राह्यले होते."
छातीत कसंतरी होतंय. अ‍ॅसिडिटी.

१० ऑगस्ट
मयुरीचा पोचल्याचा फोन तिच्या आईला आला. मी जवळच उभा होतो. माझ्याकडे काही दिला नाही.
ठरवलं, गावात सांगायचं की मीच पाठवलं. तसा विचार होताच माझा. सुरुवात शेजारच्या तानबाजी टेलरपासून केली.
"मले काय सांगता, बंडूजी? तिची बॅग मीच बसमंधी चढवली. लय रडून राह्यली होती. म्हटलं, बाबाले भेटून जा. तं म्हणे, त्यायले पाह्यलं तं माहा पायच निघनार नाई."
तानबाजी दुकानातून गेले. एक बाई साखर मागत होती म्हणे. तिने तीनदा मागितली, तेव्हा ऐकू आलं.