बाबुरावांचा झेंडू आणि माझे स्टिअरिंग

सोमवार, १७ सप्टेंबर १९५६. गिरगाव.
पिकअपची डिलिव्हरी घेतली. रंग हिरवा. पितृपक्ष लागायच्या आत घ्या, अशी शकूची भुणभुण चालू होती. मी मुळात आजच घेणार होतो, तेव्हा बायकोचे ऐकले असे होत नाही.

दसऱ्याला दादरच्या फुलबाजारातून घाऊक व्यापारी बाबुरावांचा झेंडू गिरगावात पोचवायचा, हे ठरले. माल वेळेवर आणि न चिरडता पोचला तर वर्षभराचे रोजचे काम माझे, असा त्यांचा शब्द. मग ज्या शाळेत बावीस वर्षे ‘रामः रामौ रामाः’ घोकून घेतले तिला शेवटचा नमस्कार. सध्या बिनपगारी रजेवर आहे. दसऱ्यानंतरच्या सोमवारी येणार की नाही ते कळवा, असे हेडमास्तर म्हणालेत. कळवीन. झोंबेल अशा वृत्तात कळवीन.

शोरूममधला मनमोहन नावाचा सेल्समन म्हणाला, पाचशे मैल झाले की एकदा आणा, नव्या गाडीचे बोल्ट सैलावतात, फुकट आवळून देऊ. नव्या वस्तूची दुरुस्ती! हा वदतोव्याघात आहे, असे मी त्याला स्पष्ट सांगितले. तर म्हणतो, मास्तर, ही गाडी आहे, समास नाही. आणि शेजारच्या कारकुनाकडे बघून हसला.
संकल्प: या माणसाच्या दारात पुन्हा पाऊल टाकायचे नाही.

शनिवार, २२ सप्टेंबर.
स्टिअरिंगमधून आवाज येतो. डावीकडे वळताना ‘कर्र’, उजवीकडे वळताना ‘खट्’. सरळ जाताना काही नाही. म्हणजे दोष वळणांत आहे, गाडीत नाही.

ड्रायव्हर शिवा मात्र रडतो. हा लालबागचा. मिलमधून सुटला म्हणून मी त्याला पदरी ठेवला, याची जाण नाही. म्हणतो, मास्तरांनू, चाक मी फिरवतंय आनि गाडी मागसून इचार करता. मी म्हटले, विचार करून वागणारे या गावात कोणी तरी आहे, याचा आनंद मान.
चाकाला दोन बोटांची ढील आहे. दोन बोटे म्हणजे काहीच नाही.

गुरुवार, २७ सप्टेंबर.
श्यामकांत आला होता. शकूचा धाकटा भाऊ. शिवाजी पार्कला राहतो, रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारतो आणि उरलेला दिवस लोकांना मते वाटतो. पिकअपमध्ये बसून ठाकुरद्वारपर्यंत आला आणि उतरताना म्हणाला, भाऊजी, गाडी घेतलीत की उसाचा चरक? शकू इतकी हसली की तिला ठसका लागला. माझ्या विनोदांना तिला कधी ठसका लागलेला नाही.

मग म्हणाला, मी कंपनीत नेऊन आणतो, माझी ओळख आहे. याची ओळख सगळीकडे असते. मी म्हणालो, त्या मनमोहनच्या पायरीवर माझी गाडी चढणार नाही. गाडीला पायरी चढायची नसते भाऊजी, आत रॅम्प आहे, असे म्हणाला. मूर्खाला लक्षणा कळत नाही.
ढील चार बोटे. पण माझी बोटे बारीक आहेत.

रविवार, ३० सप्टेंबर.
आज पिकअप समितीला दिला. लालबाग-परळमध्ये सभेची दवंडी द्यायची होती. टपावर लाऊडस्पीकर, मागे पाच-सहा कार्यकर्ते. संयुक्त महाराष्ट्रासाठी माझ्या वाहनाचा हा पहिला हविर्भाग.

घोषणा चांगल्या चालल्या होत्या. मात्र गल्लीत वळताना ‘मुंबईसह’ म्हटले की ‘कर्र’, आणि ‘झालाच पाहिजे’ म्हटले की ‘खट्’. माइक पुढच्या सीटवर होता, त्यामुळे तेही लाऊडस्पीकरवरून जाई. तिसऱ्या गल्लीत पोरे, त्यांत आमच्या शाळेतलीही दोन-तीन, घोषणेऐवजी आवाजालाच साथ देऊ लागली. एका चाळीच्या कठड्यावरून मीराबाई नावाच्या म्हातारीने ओरडून विचारले, रे, महाराष्ट्र मागताव की दात उपटून घेताव?

कार्यकर्त्यांचा पुढारी म्हणाला, पुढच्या वेळी आम्ही हातगाडी घेऊ. अशा अविश्वासाने राज्ये मिळत नसतात.

गुरुवार, ४ ऑक्टोबर.
सर्वपित्री. पितरांना पान वाढले. शकू म्हणाली, त्यांनाच विचारा आवाज कसला ते.

विचारांती असे दिसते की आवाजाचा त्रास हा ऐकणाऱ्याचा दोष आहे. स्वतः एक अर्धा अनुष्टुभ रचला:
यः शब्दं सहते धीरः स चक्रं वशमानयेत्।
जो शब्द सहन करतो तोच चाक ताब्यात आणतो. शिवाला अर्थासह म्हणून दाखवला. तो म्हणाला, ह्यां त्या चाकाक सांगा.
दुसरा अर्ध सुचेना. ढील आता मूठभर.

मंगळवार, ९ ऑक्टोबर.
बाबुराव पिकअप बघायला स्वतः आले. मोठा माणूस. कपाळाला आडवे गंध, बोलणे तिखट. पिकअपभोवती फेरी मारली, चाक हातात धरून इकडेतिकडे केले. चाक फिरत राहिले, त्यांच्या कपाळावरच्या आठ्या वाढत राहिल्या. म्हणाले, मास्तर, हे चाक आहे का देवळातली घंटा? कोणीही यावे आणि हलवून जावे?

मी समजावले की नव्या वाहनात असा मोकळेपणा असतो. ते म्हणाले, मोकळेपणा माणसात बरा. माझे गिरगावातले बारा फुलवाले दसऱ्याला सकाळी रस्त्यावर बसतात. दहाच्या आत झेंडू पोचला तर तो झेंडू, दहानंतर तो कचरा. माझा माल रस्त्यात सांडला तर मला तोंड दाखवू नका.

मी म्हणालो, बाबुराव, हा या कमलाकांताचा शब्द आहे. ते म्हणाले, शब्द ऐकू येतोय, तोच आवळून घ्या.
या माणसाला वर्षभर सहन करायचे आहे. पण हेडमास्तरांपेक्षा बरा.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर.
घोडपदेवला दौलतच्या गॅरेजमध्ये नेला. कंपनीत न जाता, हे महत्त्वाचे.

दौलत हा अर्धा मेकॅनिक आणि अर्धा पहिलवान. दोन्ही अर्धे आळशी. तासभर गाडीखाली झोपून राहिला. एकदा तर घोरल्यासारखा आवाज आला. शेवटी बाहेर येऊन म्हणाला, स्टिअरिंगची पेटी चासीला धरून ठेवणारे बोल्ट पार ढिले झालेत, एकाचा आटा गेला होता, नवा घातलाय. सगळे सध्या हाताने लावलेत. जेवून येतो आणि पान्याने आवळतो.

मी म्हणालो, जेवण नंतर. तो म्हणाला, बोल्ट नंतर. मी म्हणालो, कर्तव्यपराङ्मुख. तो म्हणाला, शिवी कुणाला देता? मी म्हणालो, ही शिवी नाही, तत्पुरुष आहे. तो म्हणाला, तुमच्या घरच्या तत्पुरुषाला द्या. शेजारचा चहावाला मध्ये पडला. पण अपमान तो अपमान. मी गाडी तशीच काढायला सांगितली. बोल्ट आवळायला पहिलवान कशाला लागतो? गाडीबरोबर मिळालेले पाने माझ्या घरी आहेत.

परतताना भायखळ्याला शिवा गाडी थांबवून उतरला. म्हणाला, मास्तरांनू, माका दोन पोरां आसत. चावी माझ्या हातात ठेवली आणि चालत लालबागच्या वाटेला लागला. पळपुटा. पुढे मीच चालवली. लायसन्स एकोणपन्नास सालापासून खिशात आहे. सवय नाही एवढेच. आवाज मात्र पुष्कळ कमी झाला. दौलतच्या हातात काही गुण नाही, माझ्या हातात असावा.
बोल्ट उद्या आवळीन. आज थकलो.

शनिवार, १३ ऑक्टोबर. खंडेनवमी.
सकाळी स्नान करून शस्त्रपूजा मांडली. पाटावर लाल वस्त्र. घरात शस्त्र म्हणजे विळी आणि अडकित्ता. यंदा पिकअपचे पाने, हातोडी आणि जॅकही ठेवला. गंध, अक्षता, झेंडू. यथासांग पूजा. शेजारची सुमतीबाई म्हणाली, जॅकला हळद फार शोभते.

आरती संपवून पाणी पितो तोच लक्षात आले की बोल्ट आवळायचे राहिले.

शकू म्हणाली, अहो, मग उचला की तो पाना. मी म्हणालो, पूजेत बसलेले आयुध उद्या दसऱ्याला उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवता येत नाही. ती म्हणाली, देवाला चालेल. मी विचारले, तुला कोणी सांगितले? ती म्हणाली, तुम्ही मेलात तर कुंकू माझे पुसले जाईल, देवाचे नाही. वाद घालण्याची ही काय पद्धत?

शेजाऱ्यांकडचा पाना आणीन म्हणून खाली उतरलो. तळमजल्यावरच्या सायकलवाल्याचे पाने पूजेत. कोपऱ्यावरच्या नळवाल्याचे पूजेत. सोनाराकडे चिमटा होता, तोही पूजेत. अख्ख्या गिरगावात आज एक पाना मोकळा नाही. मला या समाजाचा अभिमान वाटला. रागही आला, पण अभिमान आधी.

शकूने श्यामकांतला बोलावणे धाडले. तो त्याच्या मोटारीतला पाना घेऊन आला. त्याने पूजाबिजा काही केलेली नव्हती. अशा धर्मलंड हत्याराने उद्याच्या शुभकार्याची गाडी आवळायची? परत पाठवला. जाताना म्हणाला, भाऊजी, बोल्टला धर्म नसतो. मी म्हणालो, म्हणूनच तो सैल आहे. हे वाक्य फार चांगले साधले. जिन्यात कोणी ऐकले नाही.

आता हिशेब सरळ आहे. हाताने लावलेले बोल्ट तेही बोल्टच. दादर ते गिरगाव, हळूहळू. उत्तरपूजा आल्यावर.

रविवार, १४ ऑक्टोबर. विजयादशमी. दुपार.
दोष माझा नाही, हे आधी लिहून ठेवतो.

पहाटे दादरला झेंडू भरला. पिकअप सोन्याचा दिसत होता. बाबुरावांनी स्वतः टोपल्या मोजून चढवल्या आणि चाकाकडे बघायचे टाळले. परळपर्यंत उत्तम. चाक थोडे फिरवले की काही होत नसे, पुष्कळ फिरवले की थोडे होई. एकदा हे प्रमाण समजले की माणूस निर्धास्त होतो.

लालबागच्या वळणावर चाक मी पूर्ण डावीकडे फिरवले. पुन्हा फिरवले. तिसऱ्यांदा फिरवताना लक्षात आले की आवाज अजिबात येत नाही. चाक कशालाच जोडलेले नव्हते. पिकअप आपल्या मनाने सरळ, अगदी सावकाश, सभ्यपणे फुटपाथवर चढला आणि विजेच्या खांबाला टेकला. कोणाला लागले नाही. फक्त मागची फळी उघडली.

झेंडू! चाळींमधून माणसे उतरली. नव्या कपड्यांतली, हातात आपट्याची पाने. त्यांना वाटले, समितीने वाटायला पाठवला. कोणीतरी ओरडलेही, संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे! आणि लोक पाट्या, टोप्या, पदर भरू लागले. मी खाली उतरून सांगत होतो की हा बाबुरावांचा माल आहे. एक बाई म्हणाली, देव बाबुरावांक सुखी ठेवो.

गर्दीतून शिवा आला. इस्त्रीची पँट, दोन्ही पोरे हाताला. मला वाटले, मदतीला आला. त्याने माझ्या हातात आपट्याचे पान ठेवले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, मास्तरांनू, सोन्यासारखे रवा. मग पोरांच्या हातात एकेक माळ देऊन निघाला. त्याच्या पोरांनी पिकअपलाही एक तोरण बांधले.

पोलिसाने विचारले, गाडी कोण चालवत होते? मी म्हणालो, प्रश्नच सदोष आहे. त्याने वहीत काय लिहिले ते दाखवले नाही.

बाबुराव टॅक्सीने आले तेव्हा अकरा वाजून गेले होते. रिकामा पिकअप बघितला. मी सीमोल्लंघनाचा दृष्टान्त द्यायला सुरुवात केली. त्यांनी रस्त्यावरचे एक फूल उचलून माझ्या कोटाच्या खिशात खोवले आणि गेले.

घरी उत्तरपूजा केली. पाने आता मोकळे आहेत.

सोमवार, २२ ऑक्टोबर.
शाळेत पुन्हा जायला लागून आठवडा झाला. हेडमास्तरांनी सहावी ‘ब’ दिली आहे, जी कोणी घेत नाही. झोंबेल असे वृत्त सुचले नव्हते. ‘येतो’ एवढेच कळवले.

पिकअप श्यामकांतने नेला. कंपनीत आवळून आणला म्हणे, फुकट. बाबुरावांचे काम आता तोच करतो. त्याची ओळख आहे.

आज ठाकुरद्वारला ट्रामची वाट बघत उभा होतो. पिकअप वळणावरून आला. कर्र नाही, खट् नाही. श्यामकांत चाकावर, शेजारी शकू, मांडीवर माझ्याच घरची पिशवी. भाजीला निघाली होती. गाडी माझ्याजवळ थांबली. श्यामकांत म्हणाला, भाऊजी, शाळेपर्यंत सोडू? शकूने सरकून जागाही केली.

मी म्हणालो, नको, ट्राम येतेच आहे.

ट्राम आली नाही. शाळेला उशीर झाला. सहावी ‘ब’ची पोरे तोवर खिडकीशी जमली होती. मी चालत फाटकातून वळलो तेव्हा वरून कोणीतरी ‘कर्र’ म्हणाले, आणि सगळा वर्ग ‘खट्’ म्हणाला.